एका दुपारचं काम

४ मे, रवि.

क्रेगीबर्नला जाऊन आलो. डँडेनॉन्गहून एरवी सव्वा तास, आज रिंग रोडवर काम चालू म्हणून दीड. साडेबाराला आईचा व्हिडिओ कॉल, त्याच्या पाच मिनिटं आधी पोचलो. केतकीने दार उघडलं आणि म्हणाली, शूज बाहेर काढ. नऊ वर्षं त्याच दारात शूज काढतोय, पण आज सांगावं लागलं.

सोफ्यावर दोघं शेजारी, मध्ये उशी. कॅमेऱ्यात उशी दिसत नाही. चिंचवडला सकाळचे आठ, आई चहा घेऊन बसलेली. मी मार्चपासून डँडेनॉन्गला वेगळा राहतोय हे तिला माहीत नाही. २ जूनला तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. तोवर सांगायचं नाही, हे केतकीचंच म्हणणं. आई माझी आणि काळजी हिला. पण बरोबर आहे तिचं, आईला कळलं तर ती ऑपरेशन रद्द करून आम्हाला समजवायला बसेल.

कॉल संपला की उठायला हवं. उठलो, पण दाराकडे न जाता म्हटलं, गाडी हिवाळ्यासाठी बंद करून ठेवायची राहिलीय, थांबू का जरा? माझ्या भाड्याच्या युनिटला पार्किंग उघड्यावरचं, म्हणून मोटरसायकल अजून तिच्याच गॅरेजमध्ये. ती 'थांब' म्हणाली आणि आत गेली.

एका दुपारचं काम आहे. धुणं, ऑइल, चेन, टाकी, टायर, बॅटरी, वर कव्हर. दर मे महिन्यात, इथला हिवाळा लागण्याआधी, चार तासांत उरकतो. आज नुसती धुतली. एकेक स्पोक पुसला. चार वाजता सांगितलं, बाकीचं पुढच्या रविवारी.


६ मे, मंगळ.

युनिटमध्ये भाताचं पातेलं करपलं. घासताना फेब्रुवारी आठवला. एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे निदान वहीत तरी खोटं नको.

केतकीचे बाबा नाशिकला वारले तेव्हा मी ब्राइट गावच्या डोंगरात होतो, कामावरच्या तिघांबरोबर मोटरसायकली घेऊन. दोन दिवस. सव्वीस मिस्ड कॉल. तिने आमच्या इराला शाळेतून उचललं, टॅक्सी केली, एकटी एअरपोर्टला गेली. पोचली तेव्हा सगळं झालेलं होतं. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

नेटवर्क नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. नेटवर्क होतं. फोन मी बंद केला होता. बरं वाटतं म्हणून.

परत आल्यावर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तू घरी असतोस तेव्हाही गॅरेजमध्येच असतोस. मग दुसरीकडेच राहा ना."


११ मे, रवि.

मदर्स डे. सगळ्या दुकानांबाहेर शेवंती. एक जुडी घेतली. केतकीने थँक्यू म्हटलं, त्यातलं एक फूल काढून बाबांच्या फोटोला वाहिलं, बाकीची फुलदाणीत. मी बघत उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. गॅरेजमध्ये गेलो.

कॉलवर आईचा ठरलेला प्रश्न, आज जेवायला काय? केतकी म्हणाली, मसालेभात. घरात सकाळी इराने केलेल्या पॅनकेक्सच्या वासाशिवाय काही नव्हतं. आई खूश. "समीरला जास्त वाढू नकोस, पोट बघ त्याचं." सगळे हसलो. हसताना केतकीचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि लगेच बाजूला झाला.

ऑइल बदललं. इंजिन पाच मिनिटं गरम करायचं, खालचा बोल्ट काढायचा, जुनं तेल ट्रेमध्ये निथळू द्यायचं. अर्धा तास पुरतो. मी दीड तास स्टुलावर बसून होतो. आत टीव्ही चालू होता, मिक्सर फिरत होता, केतकी कुणाशी तरी फोनवर हसत होती. सगळं ऐकू येतं तिथून. इतकी वर्षं त्या स्टुलावर बसलो, हे कधी ऐकलं नाही.

इरा दारात आली. चौदाची झाली, माझ्याहून दोन बोटंच कमी. "बाबा, इट्स नॉट ड्रिपिंग एनीमोअर." म्हटलं, शेवटचे थेंब असतात. ती ट्रेकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि 'ओके' म्हणून आत गेली.


१४ मे, बुध.

प्लांटमध्ये बरोबरच्या ग्रेगने विचारलं, गाडी ठेवलीस का बंद करून? म्हटलं, चालू आहे, दोन रविवार झाले. "मेट, दॅट्स वन आर्वो." एका दुपारचं काम, म्हणजे. म्हटलं, मी नीट करतो.

संध्याकाळी फॉस्टर स्ट्रीटच्या इंडियन दुकानात पोहे, शेंगदाणे घेतले. दुकानदार: "भाभी नहीं आयी बहुत दिन से?" म्हटलं, शिफ्ट बदललीय तिची. आता दुकानदारालाही खोटं सांगतोय. ह्याला काय गरज होती?


१८ मे, रवि.

दार उघडताच मसालेभाताचा वास.

कॉल झाल्यावर तिने तीन ताटं घेतली. मला वाटलं कोणीतरी येणार आहे. म्हणाली, आईंना मागच्या रविवारी सांगितलं होतं ना, ते खोटं राहायला नको. माझ्या नेहमीच्या जागेवर इराचा लॅपटॉप होता, तो तिने उचलला. वर तूप, बाजूला काकडीची कोशिंबीर. दोनदा घेतला. इरा शाळेतल्या कुठल्याशा डिबेटबद्दल बोलत होती, मधेच मला विचारलं, व्हॉट डू यू थिंक? मला विषयच नीट कळला नव्हता. तरी काहीतरी बोललो. पंचवीस मिनिटं घर होतं.

नंतर चेन. ब्रशने रॉकेल लावून काळं काढायचं, कोरडी करायची, मग वंगण. हात धुवायला किचनमध्ये गेलो तर नळाला काळी बोटं उमटली. केतकीने ती पुसली. पूर्वी ओरडायची. आज ओरडली नाही म्हणून मला गाडीत बसल्यावर इतकं वाईट वाटलं की दहा मिनिटं कार सुरूच केली नाही.

आणि तरी परत येताना सगळा रस्ताभर आशा. मूर्ख आहे मी. मसालेभातावर किती इमले बांधायचे!


२५ मे, रवि.

आजचं काम टाकीचं. पेट्रोल काठोकाठ भरायचं, महिनोन्‌महिने पडून खराब होऊ नये म्हणून त्यात औषधाची बाटली ओतायची, आणि ते सगळीकडे पोचावं म्हणून दहा मिनिटं चालवून आणायची. हेल्मेट घेताना दुसरं हेल्मेटही हातात आलं. केतकीला म्हटलं, पंपापर्यंत येतेस? लग्नानंतर पहिलं वर्षभर यायची मागे बसून. गाडी दुसरी होती, रस्ते चिंचवडचे होते.

ती कपडे घड्या करत होती. हातातला टॉवेल खाली ठेवला.

"समीर, हे एका दुपारचं काम आहे. दर वर्षी बघते मी. तू रविवार लांबवतोयस."

हो म्हटलं. का, म्हणाली. मी म्हटलं, मला घरी यायचंय.

"तू घरी येत नाहीयेस. तू गॅरेजमध्ये येतोयस."

रागाने नाही म्हणाली. परत टॉवेल उचलला.

एकटाच पंपावर गेलो. दहा मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटं फिरलो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं असं म्हणतात, पण माझ्या हेल्मेटला काच आहे.


२ जून, सोम.

आईचं ऑपरेशन झालं. नीट. चिंचवडहून ताईने पाठवलेला फोटो आला, आई झोपलेली, तोंड उघडं, कवळी काढलेली. ती शनिवारपासूनच दाखल, म्हणून काल कॉल नव्हता, मीही गेलो नाही. आज रजा टाकून दिवसभर युनिटमध्ये फोन हातात धरून बसलो होतो.

पाच वाजता केतकीचा फोन. मार्चनंतर तिने आपणहून केलेला पहिला. ताईशी तिचं माझ्याआधीच बोलणं झालं होतं. आईंना शुद्ध आल्यावर पहिली हाक कुणाला मारली माहितेय, म्हणाली, इराला. हसली. मग म्हणाली, असं फोनवर कुणीतरी असलं की बरं असतं. मला तेव्हा नव्हतं कुणी.

मी सांगून टाकलं. नेटवर्क होतं, फोन मीच बंद केला होता.

"माहितेय. त्या दिवशी सकाळी तू ग्रुपवर डोंगराचा फोटो टाकला होतास."

म्हणजे चार महिने तिला माहीत होतं. चार महिने मी नेटवर्कचं सांगत होतो आणि ती ऐकून घेत होती. सॉरी म्हटलं. हं, म्हणाली, आणि भाजी लागेल खाली म्हणून फोन ठेवला.


८ जून, रवि.

आई पलंगावर, मागे तीन उश्या, समोर वॉकर. आवाज खणखणीत. म्हणाली, आता गुडघे नवे झाले, सप्टेंबरात येते तुमच्याकडे, चांगली तीन महिने. केतकी लगेच म्हणाली, "या ना आई." खोटं वाटलं नाही. खोटं नव्हतंच ते.

स्क्रीन बंद झाल्यावर ती उठून खिडकीपाशी गेली. ऑपरेशन झालं, म्हणाली, आता मी हे करणार नाही. मला त्या बाईला फसवायचं नाहीये. तू सांग. एकट्याने, तुझ्या घरून. तिने 'तुझ्या घरून' म्हटलं.

गॅरेज. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरली, डबल स्टँडवर चढवली, पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरमध्ये फडक्याचा बोळा. राहिलं काय, बॅटरी आणि कव्हर. वीस मिनिटांचं काम. उशीर झाला, निघतो, म्हटलं. तीन वाजले होते. केतकीने घड्याळाकडे बघितलं.


११ जून, बुध.

शिफ्ट सुटल्यावर आईला फोन केला. व्हिडिओ नाही, नुसता. तिकडे साडेअकरा. गुडघे, फिजिओ, ताईने केलेली खीर, सगळं झालं. मग नेहमीसारखं,

"केतकीला दे."

"ती इथे नाहीये, आई. मी वेगळा राहतो. मार्चपासून."

आई म्हणाली, म्हणजे दर रविवारी तुम्ही मला दाखवायला बसत होता? हो म्हटलं. तिचे वडील गेले तेव्हा तू कुठे होतास? तेही सांगितलं, फोन बंद केल्यासकट. वाटलं होतं रडेल, किंवा मला शिव्या देईल. माझी बाजू घेईल असंही मनात कुठेतरी होतं, खोटं का बोलू.

"सप्टेंबरात यायचं की नाही ते मी केतकीला विचारीन. तुला नाही."

फोन ठेवला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मी, आज जेवलो नाही.


१३ जून, शुक्र.

आईचा फोन नाही. केतकीचा नाही. लंचला इराचा मेसेज: आजी आणि मम काल एक तास बोलत होत्या, मम रडली, बट नॉट बॅड क्राइंग. विचारलं, काय बोलल्या? "इट वॉज इन फास्ट मराठी." पुढे एक हार्ट. मग आणखी एक: "आजी इज कमिंग."

कुठे राहणार, हे मी टाइप केलं आणि पुसलं. तिथेच राहणार. दुसरीकडे कुठे?


१४ जून, शनि.

दुपारी केतकीचा फोन. मी कपडे वाळत घालत होतो.

उद्या ती आणि इरा बाहेर जाणार आहेत, इराच्या मैत्रिणीकडे. आणि आता कॉलचंही काही नाही. आई म्हणाल्यात, ज्याने त्याने आपापला करावा. "बॅटरी राहिलीय ना? मी गॅरेजमध्येच आहे. सांग कशी काढायची."

राहू दे, कुठल्यातरी दिवशी येऊन करतो, हे तोंडात आलं होतं. अवघड आहे, शॉक बसेल, असलंही काही सांगता आलं असतं. खरं म्हणजे इरालाही जमेल असं काम आहे. मी म्हटलं, सीट काढ. दहाचा पाना घे. आधी काळी वायर.

फोन स्पीकरवर. इरा टॉर्च धरून होती. पाना दोनदा निसटला, केतकीने मराठीत शिवी दिली, इरा हसली. मग केतकी म्हणाली, सुटली काळी. म्हटलं, आता लाल. ती लगेच सुटली. बॅटरी वर उचल, घरात ने, लाँड्रीतल्या शेल्फवर ठेव, गारठ्यात नको. मग गाडीवर कव्हर घाल. बरं, म्हणाली. हे इतकं सोपं आहे होय?

हो, म्हटलं.

"परत लावताना?"

"उलटं. आधी लाल, मग काळी. आणि सायलेन्सरमधला बोळा काढायचा, विसरलं तर गाडी चालू होणार नाही."

"थांब, लिहून घेते."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. पेन चाललं नाही बहुतेक, तिने दुसरं मागितलं. मी थांबलो. आधी लाल, ती लिहिता लिहिता पुटपुटत होती, मग काळी. बोळा. अजून काही? नाही, म्हटलं, एवढंच.

हिवाळा सरल्यावर सप्टेंबरात ती स्वतः लावणार आहे, की दुसऱ्या कुणाला तो कागद देणार आहे, की मला बोलावून हातात ठेवणार आहे, विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. 'चल' म्हणाली आणि फोन ठेवला.

उद्या रविवार. मला कुठे जायचं नाहीये.