देव्हाऱ्यातलं खरेदीखत

मोताळा, माघ वद्य पंचमी, शके १८८९

डोकं तापलंय. 

गणपतनं विहिरीजवळचं वावर आधी आम्हा दोघा भावांना, दादाला नि मला, विकलं. गेल्या सालच्या आषाढात खरेदीखतावर अंगठा दिला. पुढच्याच महिन्यात तेच वावर दुसऱ्याला विकलं आणि त्याच दिवशी नोंदवूनही दिलं. तेही धोंड्याच्या महिन्यात! त्याला नाही आडवं आलं पंचांग. आमचं खत मात्र हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात. धोंडा सरला, श्रावण सणावारात गेला, तर पितृपक्ष लागला, मग म्हणे दिवाळीचा पाडवा. नोंदणीची चार महिन्यांची मुदत देवासमोरच संपली.

आज कोर्टात गणपत आमच्याकडे बघून हसत होता, हरामखोर. त्याच्या वकिलानं दादाला पिंजऱ्यात विचारलं, "खत खरं होतं, तर चार महिने नोंदवलं का नाही?"

"देव्हाऱ्यात होतं, साहेब. चांगला दिवस पाहून राह्यलो होतो."

सगळं कोर्ट खो-खो हसलं. हसायला काय झालं होतं?

"थांबायला कोणी सांगितलं?"

"कोनीच नाही. मी अडानी मानूस, मले काय समजते? मह्याच मनानं ठेवलं."

खोटं! शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलला दादा. एसटीत मी विचारलं, "काऊन असं बोलला?" तर म्हणे, "तू शाळेतला मास्तर हायस बे. तुह्यावर लोकं हसले असते."

पंचांग मीच उघडलं होतं. खत देव्हाऱ्यात मीच ठेवलं होतं. आणि लोक दादावर हसत होते, तेव्हा मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो तोही मीच.