उलटं ठिगळ

मंगळवार, ९ मार्च

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. यांचे गुडघे कुरकुरतात, लेकीला नोकरी लागली, मी अजून त्याच कारखान्यात कपडे बेतते. बावीस वर्षांनी पत्र आणि त्यात गुडघ्यांची बातमी! पण आधी काहीतरी साधं लिहू दे ग.

काल मॅनेजरबाईंनी माझ्या टेबलावर एक जुना स्कर्ट टाकला. "अस्सल बोहेमियन, कलंदर कलाकारांची फॅशन! असे पाचशे काढायचेत." मी तो उलगडला. गुडघ्यापाशी बाबांच्या रेघारेघांच्या शर्टाचं ठिगळ, तेही उलट्या बाजूनं लावलेलं. अकरा वर्षांची होते मी. तू घर सोडून निघाली होतीस आणि मी रडत रडत ते शिवून दिलं होतं. तू म्हणालीस, "राहू दे उलटंच. मला आवडलं."

"ठिगळ उलटंच हवं हं, तीच तर गंमत आहे," बाई म्हणाल्या. "आणि हे रंगाचे डाग छापून घ्या."

छापून! तुम्ही चौघं चित्रकार एका खोलीत राहायचात. कापड घ्यायचं की रंग, तर रंग. ब्रश पुसायला फडकं नाही, म्हणून स्कर्ट. लोक नावं ठेवायचे, तर तुम्ही मुद्दाम तशाच अवतारात बाजारभर हिंडायचात. आता त्याची फॅशन झाली. हसावं की रडावं, मला कळेना.

आणि मग तो दिवस आठवला. खोटं कशाला बोलू, रोजच आठवतो. माझे होणारे सासू-सासरे घरात बसलेले आणि दारात तू, ह्याच स्कर्टमध्ये. आतून आईनं विचारलं, "कोण आहे ग?" मी म्हणाले, "जुने कपडे मागायला आलीये कोणीतरी." तू नुसतं माझ्याकडे पाहिलंस. मी दार लावलं.

आई गेली तेव्हा तुझा पत्ता नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. शोधला कुठे होता? काल बाईंना विचारलं, तर एका वाक्यात मिळाला. "इथून तीन थांब्यांवर चित्रकला शिकवतात ना त्या, त्यांच्याकडून घेतला." तू आहेस, आणि बसनं तीन थांब्यांवर आहेस!

नमुना उसवल्याशिवाय कापडाचा बेत कागदावर काढता येत नाही. मी सगळ्या शिवणी उसवल्या, ठिगळाची सोडून. मग होता तसा पुन्हा शिवला आणि बाईंकडून मागून घेतला.

रविवारी सकाळी तो घेऊन तुझ्या दारात उभी राहीन. आतून कोणी विचारलं, "कोण आहे?" तर तुला वाटेल ते सांग.

तुझी,
अजून दाराशीच असलेली
धाकटी