कृष्णासाठी आणलेला हार

मुलुंड,
३ ऑगस्ट १९८६

चि. लवूस सीतारामदादाचे आशीर्वाद.

आम्ही इथे बरे आहोत. तुझी वहिनी तुझ्या आठवणीने कुळथाची पिठी करते आणि मग कोणीच नीट जेवत नाही. चाळीतलं गुरुवारचं भजन चालू आहे, पण धोंडिरामबुवा म्हणतात, बासरीवाचून नुसता टाळांचा खणखणाट.

आईचं कार्ड आलं. मास्तरांकडून लिहून घेतलंय. 'लवून बासरी माळ्यार टाकल्यान. देवळात अष्टमीक पण वाजवचंय नाय म्हणता. तुमच्यात काय झाला रे?'

काय सांगू तिला? तूही गावी जाऊन काही बोलला नाहीस, हा तुझा मोठेपणा. मला मात्र दोन महिने दोन ओळी लिहवल्या नाहीत.

आधी शेटचं सांगतो, म्हणजे थोडा दोष त्याच्यावर ढकलता येईल. अंधेरीच्या त्याच्या परमिट रूमच्या भिंतीवरच्या चित्रासाठी त्याने मला परदेशी चित्रांचं जाडजूड पुस्तक दिलं. त्यात ग्रीक लोकांचा रानातला कोणी सॅटर होता. रोमवाले त्यालाच फॉन म्हणतात म्हणे. वर माणूस, खाली बोकड, डोक्याला शिंगं, हातात पावा. दारू पितो आणि बायकांमागे धावतो. शेट म्हणाला, "पेंटर, हाच पाहिजे. पण चेहरा जिवंत पाहिजे, यार."

तुला मी सांगितलं, हॉटेलसाठी कृष्ण काढतोय, बासरी घेऊन बस. सहा रविवार बसलास. पोलिओने वाळलेले पाय पंच्याखाली झाकून घ्यायचास. मी म्हणायचो, "अरे, पाय लागणारच नाहीत मला." तू वाजवायचास आणि मी काढायचो. लवू, इतका चांगला चेहरा माझ्या हातून कधी उतरला नव्हता.

मला वाटलं, भजनातला माणूस अंधेरीच्या परमिट रूममध्ये कशाला जातोय? तू कुबडी टेकत एवढ्या लांब येशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तू आख्खी भजनमंडळी घेऊन आलास. 'माझा कृष्ण' दाखवायला! हातात झेंडूचा हार, बुवांकडे नारळ. मी शिडीवर खूर रंगवत होतो.

सगळ्यांनी माना वर करून भिंत बघितली. मग मंडळींतला खंडू म्हणाला, "पाय मात्र बरोब्बर लवूचे काढलेत हां!" सगळे हसले.

मीसुद्धा हसलो, लवू. तू माझ्याकडेच बघत होतास. हार टेबलावर ठेवलास आणि गेलास.

तुला वाटत असेल, शेटने सांगितलं म्हणून दादाने काढलं. नाही रे. ते पुस्तक उघडलं, ते वाकडे बारीक पाय बघितले आणि मला तू आठवलास. चेहऱ्याच्या आधी पाय आठवले. तुला पाठुंगळी घेऊन शाळेत नेत होतो मी! तरी मला तेच आठवावं? स्वतःची किळस येते.

काल शेटच्या हातापाया पडलो. दुपारी, गिऱ्हाइकं यायच्या आत, शिडी लावली. तुझं तोंड पुसलं आणि आरशात बघून माझं काढलं. शिंगं मला शोभतात. शेट करवादला, "वाट लावलीस पेंटर, आधीचं झकास होतं." होतंच ते.

बोटं मात्र तुझीच राहिली. बदलायला गेलो, पण भोकांवर बोटं कुठे कशी ठेवायची ते मला कुठे येतंय? आता माझ्या तोंडाला लावलेली बासरी तुझी बोटं वाजवतायत.

हार त्या दिवशी मी घरी आणला. पार वाळलाय, पण जयंती टाकू देत नाही. म्हणते, भावजी येऊन टाकतील.

परत ये, असं कुठल्या तोंडाने लिहू? नको येऊस हवं तर. पण अष्टमीला बासरी माळ्यावरून खाली काढ. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. हे पत्र आईला मास्तरांकडून वाचून घेऊ दे. तिच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. माझ्याने तिला वेगळं लिहवणार नाही.

तुला हसलेला तुझा दादा,
सीताराम