पेनाची टकटक

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई आज मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" आजी! अजून कुणाची आजी झाले नाही म्हणूनच तुझ्या दारात आलेय ना, बये!

हलले नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, सिस्टरांच्या नजरेला भिऊन वाढले. नंतर जन्मभर मुलींना जीवशास्त्र शिकवलं. स्त्रीबीज म्हणजे काय, हे मला हिच्या गुलाबी तक्त्यावरून कळायला नको.

लेक एक्केचाळीसची. टेस्ट ट्यूब बाळाचे आधीचे दोन प्रयत्न वाया गेले. हा शेवटचा – यापुढे तिच्या बीजांवर आशा नाही, असं डॉक्टरणीने स्पष्टच सांगितलं. म्हणून औषधाचा डोस दुप्पट. रोज संध्याकाळी पोटात टोचायचं. लेकीला सुई बघितली की घेरी येते – पहिल्यापासून भित्री! जावई कामासाठी परगावी. म्हणजे मुक्काम माझ्याकडे आणि टोचायचंही मीच.

नर्सने पहिलं टोचून दाखवलं. पेनासारखं इंजेक्शन; त्या पेनाचं टोक फिरवायचं, टकटक करत डोसचा आकडा चढतो. माकडालाही जमेल.

मला नात हवी आहे. हुशार. लेकीसारखी नको.

४ मार्च

डॉक्टरणीला फोन केला. एवढं औषध ओतलं तर बीजांचा दर्जा उतरणार नाही का? म्हणाली, "तसं ठामपणे म्हणता येत नाही हो. त्या महिन्यात जी बीजं एरवी जिरून जातात, त्यांनाच औषध वाढवतं. दर्जा मुख्यतः वयावर."

ठामपणे म्हणता येत नाही! माझ्या वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर बाकावर उभी केली असती.

एका वर्षी माझ्या वर्गात दुप्पट मुली कोंबल्या होत्या. हुशार होत्या त्यांचीही माती झाली. थोडी हवीत, पण चांगली.

संध्याकाळी टोक फिरवलं. निम्म्यावर थांबले. लेक भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला काय कळतंय!

५ मार्च

निम्माच.

८ मार्च

लेक म्हणाली, "आई, तुझा हात किती हलका आहे गं." याच हाताच्या थपडा खाऊन कशीबशी पदवीधर झाली, ते विसरली वाटतं.

पोट सुटलंय तिचं. सांगितलं तोंडावर. रडायला लागली – "इंजेक्शनांनी फुगतं गं!" जिभेवर आलं होतं, की इंजेक्शन निम्मंच आहे, बाकीचं तुझं खाणं. गिळलं.

१० मार्च

सोनोग्राफी. मोजकीच वाढताहेत. डॉक्टरणीच्या कपाळाला आठ्या. "एवढ्या डोसला इतका थंड प्रतिसाद?" डोस आणखी वाढवला. मी मान डोलावली.

जावयाचा फोन. "आई, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे." बायकोच्या पोटाची काळजी दुसऱ्यावर टाकून निर्धास्तच असणार, बापडा.

उरलेलं औषध पेनांत तसंच राहतं. महागाचं, टाकवत नाही. फ्रिजमध्ये मागे सरकवून ठेवते.

१५ मार्च

बीजं काढली. तीन. एक कच्चं. पण उरलेल्या दोन्हींबद्दल लॅबमधली बाई म्हणाली, "दिसायला छान आहेत."

छान आहेत! ऐकलंस, डॉक्टरीणबाई?

१६ मार्च

दोनांतलं एक फळलं. एक पुरे.

१८ मार्च

लॅबमध्येच गर्भाची वाढ थांबली. तिसऱ्याच दिवशी.

डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "थोडी जास्त मिळाली असती तर एखादं टिकलं असतं. पण इतक्या डोसलाही अंडाशयांनी साथ दिली नाही. आता दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचा विचार करा."

दुसऱ्या बाईचं! मी उभी राहिले आणि खडसावलं – तुमच्या औषधांनीच जाळली माझ्या लेकीची बीजं! बाहेर बसलेल्या सगळ्या बाया आत डोकावायला लागल्या. एक तर पर्स उचलून निघूनच गेली. लेक माझी बाही ओढत होती. "आई, पुरे."

पुरे काय? हिच्यात कणा असता तर मला बोलावं लागलं असतं का?

२१ मार्च

डॉक्टरणीची तक्रार करणार आहे. मजकूर तयार. एकही शब्द खोडावा लागला नाही. जावई म्हणाला, खाली तोही सही करेल.

लेक दिवसभर खोलीत. खाते मात्र व्यवस्थित.

२२ मार्च

सकाळी लेकीची बॅग दाराशी. फ्रिजमधून पेनं काढून तिने माझ्या तक्रारीच्या कागदावर ठेवली. "नर्सने दिलं त्या दिवशी टकटक बराच वेळ चालली होती. तुझी लवकर थांबायची. रोज ऐकत होते."

मग बोलली का नाहीस, सटवे?

"मला मूल नकोच होतं, आई. तुम्हा दोघांना नाही म्हणायची छाती नव्हती." चपला घालताना वर बघून हसली. "म्हटलं होतं ना, तुझा हात हलका आहे."