मुखेडला न धाडलेला निरोप

लातूर, ३ एप्रिल २०१६

पप्पा,

एकोणीस वर्षं तुमच्याशी बोलले नाही. प्रार्थनेत तुमचं नाव घेत आले, पण ते बोलणं नव्हे. उशिराबद्दल क्षमा मागते, आणि हा शब्द जपून लिहिते, कारण आपल्या घरात या शब्दाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आज प्रभुभोजनाचा रविवार होता. चर्चमध्ये द्राक्षरसाचा प्याला माझ्यापर्यंत आला आणि मी तो न घेता शेजारच्या बाईकडे दिला. इतकी वर्षं बिनदिक्कत घेत होते. पण परवा मुखेडहून आत्याच्या सुनेचा फोन आला. "आत्यांनी जेवण सोडलंय, ताई. तुमचं लई नाव काढून राहिल्यात. येऊन जा." मी "बघते" म्हणाले. बघते!

इथे पुन्हा दुष्काळ आहे. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते मोजणं सोडून दिलं आहे. सकाळी चर्चच्या फाटकाशी घागरींची रांग पाहिली आणि तो जुना उन्हाळा समोर उभा राहिला. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, तुम्ही नव्या कचेरीत कारकून होता, आणि आई गेल्यावर मला सांभाळायला मुखेडहून आत्या, तुमची धाकटी विधवा बहीण, आली होती. आपण राहायचो त्या चर्चच्या कंपाउंडातला आड आटत चालला होता. मंडळीच्या कमिटीने आडावर लोखंडी झाकण बसवलं, कुलूप घातलं आणि चावी तुमच्याकडे दिली, कारण तुमच्याइतका काटेकोर माणूस मंडळीत दुसरा नव्हता. मंडळीतल्या प्रत्येक घराला सकाळी दोन घागरी, बाहेरच्यांना नाही. बाहेरचे म्हणजे भिंतीपलीकडची बौद्ध वस्ती. त्यांचे आजोबा आणि आपले आजोबा एकाच गावकुसाबाहेर राहिलेले, पण ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे, मी पाटीवर गणितं सोडवते आहे. दुपार आहे, तुम्ही कचेरीत. ती हात धुते, तुमच्या रविवारच्या काळ्या कोटाच्या खिशातून चावी काढते आणि भिंतीवरून एक घागर पलीकडे देते. मी विचारते, "पप्पांना विचारलं का?" ती म्हणते, "बाळंतीण हाय तिथं. तिला काय कमिटीची चिठ्ठी आणाया सांगू?" आणि हसते. अशा पाच-सहा दुपारी गेल्या. मग कमिटीत कुणीतरी म्हणालं की पाणी हिशेबापेक्षा जास्त उतरतंय आणि चावी एकाच घरात आहे. तुम्ही घरी आलात तेव्हा चेहरा उतरला होता. आत्या दळण आणायला गेली होती. "तू खोटं बोलत नाहीस," तुम्ही म्हणालात, "चावी कोण घेतं?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, नीट, उभं राहून, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं. बाळंतिणीचं मात्र सांगितलं नाही, कारण तुम्ही ते विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलंत.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन. पाळक नेहमीप्रमाणे म्हणाले की कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल त्यांनी आधी एकमेकांना सलाम करावा, मग पुढे यावं. माणसं उठून एकमेकांचे हात हातात घेऊ लागली. तुम्ही उठलात. आत्याही बायकांच्या सतरंजीवरून अर्धी उठली, पदर सारखा केला. तिला वाटलं, तुम्ही तिच्याकडे येताय. तुम्ही मंडळीकडे तोंड केलंत. "माझ्या बहिणीनं आडाचं पाणी चोरून दिलं. मी तिला क्षमा केली आहे. मंडळीनंही करावी."

आत्या पूर्ण उभी राहिली. "दादा, मी माफी कवा मागितली?" मागून एक म्हातारी कुजबुजली, "बस गं बाई, बस खाली." "बसते की. पर ही माफी ठेव तुझ्यापाशी, दादा. उद्या तुलाच लागंल." ती बसली नाही. प्याला न घेता बाहेर गेली. मी घरी आले तेव्हा भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या आणि तिची पिशवी दारात होती. चावीचं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे कुणी सांगितलं हे ती जाणून होती. ती एवढंच म्हणाली, "दुधाकडं ध्यान दे, उतू जाईल." आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला होता, पप्पा. माझे वडील चोरी करणाऱ्याला सर्वांदेखत क्षमा करतात! क्षमा करणारा उंचावर उभा राहिला की खालच्याला ती दगडासारखी लागते, हे कळायला मला फार वर्षं लागली. तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी नांदेडच्या दवाखान्यात, तुमच्या शेवटच्या आठवड्यात, तुम्ही एका सकाळी पाणी मागितलंत आणि पेला हातात तसाच धरून राहिलात. म्हणालात, "तिला बोलावून घे. तिला सांग, क्षमा मी करायची नव्हती, मागायची होती." मी चिठ्ठी लिहून स्टँडवर गेले. मुखेडच्या कंडक्टरकडे दिली असती तर संध्याकाळपर्यंत आत्याच्या हातात पडली असती. मी ती परत आणली. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काय म्हणाली?" मी म्हणाले, "येत नाही म्हणाली." तुम्ही डोळे मिटलेत. "बरोबर हाय तिचं," म्हणालात. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मातीला आत्या आली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली, आणि लोक पांगल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादा मला काही म्हणला का गं?" मी म्हणाले, "शुद्ध नव्हती." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या!

का केलं हे मी कितीदा स्वतःला विचारलं. बरीच वर्षं माझं उत्तर असं होतं की आत्या आली असती तर चावीचं सांगताना मी बाळंतिणीचं दडवलं, ते तुमच्यापुढे निघालं असतं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. खरं कारण याहून हलकं आहे. तीन आठवडे मी तुमच्या उशाशी होते, तुमचं अंग पुसत होते, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिच्यासाठी. तुम्ही माझ्या एकटीचे असावेत असं मला वाटलं. एवढंच. यासाठी दोन माणसं न भेटता राहिली, आणि त्यातलं एक आता जेवत नाही. तुमच्याकडे क्षमा मागण्यात अर्थ आहे का, मला ठाऊक नाही. तुम्ही नाही म्हणू शकत नाही, म्हणून तर मी आधी तुम्हाला लिहायला बसले. आत्या नाही म्हणू शकते. तिने म्हटलं तर ते मला ऐकून घ्यावं लागेल, आणि पाळकांना किंवा मंडळीला बरोबर न नेता.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तरीही यात मी एक खोटं लिहिलं होतं. स्टँडवर पोचले तेव्हा एसटी सुटली होती, असं. ते खोडलं आहे. एसटी उभी होती. कंडक्टरने हात पुढे करून दोनदा विचारलं, "ताई, काही द्यायचंय का?"

उद्या: मुखेडची पहिली एसटी, आणि आत्याला तुमचा निरोप, तुमच्याच शब्दांत.