निरोप समारंभ, रोज चार वाजता

४ फेब्रुवारी
टाळ्या थांबेनात, तेव्हा शेवटी मीच हात वर केला. ड्रमवाला रडत होता. अकरा वर्षं तो पॉलिशचा ड्रम फिरवत होता. बटणं आत खडबडीत जातात, गुळगुळीत होऊन बाहेर येतात. एवढ्यावर मी दीड पान लिहिलं होतं. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, साहेब, हे माझ्याबद्दलच होतं ना? मी हो म्हटलं. म्हणाला, आधी कळलं असतं तर दुसरीकडे कशाला गेलो असतो. हशा. मीही हसलो. किती मोकळं वातावरण.

आजवर आमच्या बटणांच्या कारखान्यातून माणूस गेला की हिशेबाच्या बाई सही घ्यायच्या आणि वॉचमन पिशवी तपासायचा. संपलं. आज केक, भाषण, टाळ्या. एच.आर. म्हणजे काय, ते लोकांना आज दिसलं.

मालकांनाही दिसेल. मालक म्हणजे हिचे थोरले भाऊ. घरी दादा, कारखान्यात साहेब. गेल्या आठवड्यात म्हणाले, माणसं टिकत नाहीत. मार्चअखेर गळती थांबली नाही तर तुमची खुर्चीही रिकामी करा. नातं नात्याच्या जागी. एवढं बोलून वर भावोजी म्हणाले. चहावाल्यासमोर.

संकल्प: पॉझिटिव्ह कल्चर. मुदत मार्चअखेर. शिवाय रोज चालायला जाणे.

७ फेब्रुवारी
दोन राजीनामे. दोघी पॅकिंगच्या, कार्डावर बटणं शिवतात. कारण विचारलं. वैयक्तिक. एक जण दारातून परत आली. भाषण तुम्हीच लिहिणार ना? माझ्या हाताला वेग आहे ते घ्या. मागून दुसरी आली. हिच्यापेक्षा माझं लांब असू द्या, मी सीनियर आहे.

जाताहेत, पण प्रेमानं जाताहेत. पूर्वी शिव्या घालत जायचे. गळतीचा दर्जा सुधारला.

चालायला गेलो नाही. भाषणं लिहायची होती.

१३ फेब्रुवारी
आणखी तीन. मालकांनी बोलावलं. मी शांतपणे समजावलं, गळती दोन प्रकारची असते. नकारात्मक आणि सकारात्मक. ते म्हणाले, टाकी फुटल्यावर पाणी हसत गेलं की रडत गेलं, कोण बघतं? टाकी कोरडी.

त्यांना एच.आर.ची भाषा नवीन आहे. वेळ द्यायला हवा.

घरी हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. म्हणाली, अहो, मग माणूस जाईपर्यंत थांबता कशाला? येता-जाता एखादं चांगलं वाक्य बोलावं. मी हसलो. केक नाही, खुर्च्या नाहीत, मध्येच उभं राहून चांगलं बोलायचं. समोरच्याला वाटेल, याला काहीतरी हवंय.

२० फेब्रुवारी
हिशेबाच्या बाईंचा राजीनामा. कुठे चाललात, विचारलं. कुठे नाही, म्हणाल्या. उद्या येणारच आहे. राजीनामा मागे घेता येतो ना? नियम पाहिले. नियम गप्प आहेत.

भाषणात मी म्हटलं की बाईंनी बावीस वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही. रंगखात्यातले काका मागून म्हणाले, तो चढलेलाच असतो. बाईंनी डोळे पुसता पुसता त्यांना गप्प बसवलं.

२१ फेब्रुवारी
बाई सव्वानऊला हजर. राजीनामा मागे. दुपारपर्यंत पॅकिंगच्या दोघीही गेटवर. त्यांना कसं कळलं कोण जाणे. पाठोपाठ ते तिघे. सगळ्यांना परत घेतलं.

राजीनामे मागे घेण्याचं प्रमाण गेल्या वर्षी शून्य. आज जवळपास शंभर टक्के. ड्रमवाला तेवढा खरंच गेला. त्याला पद्धत समजली नाही.

२४ फेब्रुवारी
आंघोळ करताना सुचलं. लोकांना जायचं नाही. लोकांना निरोप हवा आहे. मग राजीनाम्याची अटच कशाला? सरसकट निरोप. रोज एकाला. चार वाजता, ड्रम बंद ठेवून. मालकांना प्रस्ताव दिला. एकही राजीनामा येणार नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, करा. मार्चअखेर आहेच.

विश्वास. दुसरं काय.

२८ फेब्रुवारी
आठवड्यात राजीनामे शून्य.

अडचण एकच. गुण संपत आले. प्रामाणिक, वक्तशीर, मनमिळाऊ हे पहिल्या तीन दिवसांतच गेले. वॉचमनला शेवटी हवेशीर म्हटलं. त्याला आवडलं.

३ मार्च
रंगकाकांची पाळी. काका रंगाच्या हौदावर असतात. कारखान्यात कोणता माल चाललाय ते त्यांच्या हातांवरून कळतं. आज कोपरापर्यंत नेव्ही ब्लू. ते कुणाशीच धड बोलत नाहीत. विचारलं, काय लिहू? म्हणाले, खोटं नको. कमी पण नको.

दिवसभर बसलो. शेवटी लिहिलं: काका भांडतात, पण समोर येऊन भांडतात. वाचून झाल्यावर काका म्हणाले, चालेल. आणि कागद मागून घेतला. त्यावर निळा अंगठा उमटला.

६ मार्च
एक किरकोळ गोष्ट. ज्यांना निरोप मिळाला त्यांच्यात वेगळीच शांती आली आहे. पॅकिंगच्या सीनियर बाईंना मी सांगितलं, आज थोडं थांबावं लागेल. प्रेमानं म्हणाल्या, साहेब, माझं झालंय. मी म्हटलं, काय झालंय? म्हणाल्या, निरोप.

त्यांना कुणी काही बोलूही शकत नाही. ज्याच्यासाठी परवा रडलो त्याला आज कसं झापायचं, असं सुपरवायझर म्हणतो. हा आदर आहे. मी तसं त्याला सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत आता दोन टेबलं. एकावर झालेले, एकावर राहिलेले. झालेले हळूहळू चावून खातात. राहिलेले भराभर खाऊन कामावर जातात.

राहिलेल्यांची संख्या रोज एकानं कमी होते. प्रगती.

१२ मार्च
तपासणीच्या बाईंच्या निरोपाला मी म्हटलं होतं की त्यांच्या नजरेतून एक चुकीचं भोक सुटलेलं नाही. गेल्या आठवड्यापासून कोटाच्या बटणांना चारऐवजी तीन भोकं पडताहेत. मशीनची एक सुई मोडली आहे. बाईंना ते दिसलं नाही. म्हणजे त्या आता बघतच नाहीत. माझं झालंय म्हणाल्या. सुपरवायझरला दिसलं. पण सगळ्यांसमोर तसं बोललं गेलेलं असताना आता वेगळं कसं सांगायचं, म्हणून तो गप्प. बाईंचा मान राहिला.

माल गेला.

कारखान्यात आता फक्त माझाच निरोप राहिला आहे. नेत्यानं शेवटी जेवावं. तसा मला मोह नाही. पण सात वर्षांत माझ्याबद्दल कुणी काही बोललेलं आठवत नाही. चांगलं असं नव्हे, काहीच. ते आतापर्यंत लक्षात आलं नव्हतं. हिला विचारलं, माझ्याबद्दल कोण बोलेल? ही म्हणाली, कशाबद्दल?

१४ मार्च
माल परत. दोन ट्रक. अंगणात पोत्यांची भिंत. मालकांनी मूठभर बटणं माझ्या टेबलावर ओतली. मोजा म्हणाले, एकेकाची भोकं मोजा. मी म्हटलं, राजीनामे मात्र शून्य आहेत. ते म्हणाले, भावोजी, लोक नोकरी सोडत नाहीत कारण त्यांनी कामच सोडलंय.

वाक्य चांगलं आहे. पुढच्या भाषणात घेता येईल.

चालणं सोमवारपासून.

१७ मार्च
निर्णय घेतला. मालकांना माझी किंमत समजावून सांगून समजणार नाही. स्वतःचा राजीनामा दिला. हिशेबाच्या बाईंनी दिला होता तसाच. ते घाबरतील. नको म्हणतील. दोन-चार वाक्यं बोलतील. मग मागे घेईन.

मालकांनी दोनदा वाचला. चष्मा काढला. उठून उभे राहिले. सात वर्षांत पहिल्यांदा माझा हात हातात घेतला. म्हणाले, याला मोठं मन लागतं. चहा मागवला. बिस्किटंही.

भारावल्यामुळे ते नको म्हणायला विसरले. आठवण करून देणं बरं दिसलं नसतं.

१८ मार्च
अजून नको म्हणाले नाहीत.

२० मार्च
संध्याकाळी दादांचा फोन. ही आतल्या खोलीत दार लावून पाऊण तास बोलली. बाहेर आल्यावर म्हणाली, स्वतःहून सोडलंत ते फार बरं केलंत. दादाला सांगायला जड जात होतं. मी म्हटलं, मी मागे घेणार आहे. ही म्हणाली, कुणाकडून?

भावनिक क्षण.

२४ मार्च
मालकांच्या केबिनमध्ये गेलो. राजीनामा मागे घेता येतो, असं सहज बोलून पाहिलं. म्हणाले, येत होता. शुक्रवारपासून बंद केलं. तुमचाच गैरफायदा घेत होते लोक.

माझी काळजी करतात.

२५ मार्च
माझा निरोप अठ्ठावीसला. चार वाजता. खुर्च्या, केक, बोर्ड हे सगळं मीच करतो आहे, कारण ते एच.आर.चं काम. प्रश्न भाषणाचा. हिशेबाच्या बाईंना म्हटलं, तुम्ही लिहा. म्हणाल्या, अहो, भाषण तर एच.आर. लिहितं. रंगकाकांना म्हटलं. म्हणाले, मला गोड बोलता येत नाही. मी बोललो तर तुम्हाला सोसायचं नाही.

शेवटी मीच लिहायला घेतलं. तिऱ्हाईत नजरेनं. पहिला मसुदा नऊ पानं. कठोरपणे कापला. आता साडेआठ.

२७ मार्च
सहा पानं. वक्तशीर काढला, कारण कुणी हसलं तर. दूरदर्शी ठेवला. वाचायला हिशेबाच्या बाई तयार झाल्या. त्यांना दोन ठिकाणी थांबायला सांगितलं आहे. टाळ्यांसाठी.

मनातून मात्र वाटतंय की कुणीतरी आपणहून एखादं वाक्य बोलेल. सहा पानांच्या बाहेरचं.

२८ मार्च, संध्याकाळ
समारंभ झाला. मालकांनी सकाळीच सांगितलं होतं, परत आलेला माल नव्यानं करून द्यायचाय, ड्रम थांबणार नाही. ड्रम थांबला नाही. आत हजारो बटणं आपटत असतात. जवळ उभं राहिलं तर स्वतःचा खोकला ऐकू येत नाही.

बाईंनी वाचलं. ओठ हलताना दिसले. दोन ठिकाणी त्या थांबल्या. टाळ्या झाल्या, म्हणजे हात हलले. मला सगळं पाठ होतं, त्यामुळे अडचण आली नाही.

मग रंगकाका उठले. कुणी बोलावलं नव्हतं. हात गडद हिरवे. बाईंच्या जागी उभे राहिले आणि बोलायला लागले. बराच वेळ बोलले. माझ्याकडे बोट केलं. पुढच्या रांगेत त्यांच्या अगदी पायाशी बसलेल्यांना ऐकू येत असावं. ते हसले. काका आणखी काही बोलले, तशी हसणारी माणसं गप्प झाली. पॅकिंगच्या सीनियर बाईंनी पदर डोळ्यांना लावला. वॉचमननं टोपी काढली. मी पुढे वाकलो. कानामागे हात धरला. ड्रम फिरत होता.

नंतर काकांना हौदापाशी गाठलं. काय बोललात? म्हणाले, बोललो ना सगळ्यांसमोर. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. म्हणाले, मग मी काय करू? माझ्यानं एकदाच होतं. पुढच्या रांगेतल्यांना विचारलं. एक म्हणाला, खरं बोलले. दुसरी म्हणाली, अहो, तसं कसं सांगणार, ते काकांच्या तोंडूनच. बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, जाऊ द्या. पण माझा हात धरला.

चांगलं असावं. टोपी उगाच कुणी काढत नाही.

गेटवर वॉचमननं पिशवी तपासली.

२९ मार्च
सकाळी आठला दादांच्या गाडीचा हॉर्न वाजला. ही तयारच होती. माझ्या जागेवर आजपासून ही. सुरुवातीला माझं मार्गदर्शन लागेल, म्हणून संध्याकाळ मोकळी ठेवली आहे. जिना उतरताना ही शेजारच्या आजोबांना म्हणाली, तुमच्या कुंड्या किती टवटवीत आहेत. ते तिथेच उभे राहिले. डबा ओट्यावर राहिला होता. मी पळत खाली नेऊन दिला.