आमची बाजू सुधारली

सोमवार, ३ मार्च

दवाखान्याला कुलूप! दारावर कागद डकवलाय — ही वस्ती आता 'सुधारित' झाली, मोफत औषधं यापुढे फक्त 'मागास' वस्तीला. मागास म्हणजे रस्त्याच्या पलीकडची बाजू. कालपर्यंत दोन्ही बाजू मागासच होत्या. पण आमच्या मागच्या गल्लीत तीन टॉवर उभे राहिले. टॉवरवाल्यांची कमाई आमच्या कमाईत मिसळली, सगळ्यांत सारखी वाटली — कागदावर! — आणि त्यांच्या फरशा पुसणारी मी एका रात्रीत सुधारले.

सासूबाईंचं इन्सुलिन संपत आलंय. त्याशिवाय त्या जगायच्या नाहीत. विकत आणणं आमच्या आवाक्यातलं नाही. हा म्हणतो, "बघू." लग्न झाल्यापासून बघतोच आहे!

गुरुवार, ६ मार्च

आरोग्य खात्याच्या ऑफिसात गेले. चष्मेवाल्या साहेबाने मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. "बाई, तुमची प्रगती झालीय. आनंद माना."

"सासूबाईंच्या साखरेला तुमची प्रगती कळत नाही," मी म्हटलं.

"मग पलीकडे राहायला जा."

थट्टेने म्हणाला मेला. पण बाहेर शिपायाने बाजूला घेऊन सांगितलं, तिकडे राहणाऱ्यांना खरंच मिळतं. मात्र नुसता पत्ता लावून चालत नाही. नर्सबाई केव्हाही येऊन बघून जातात.

रविवार, ९ मार्च

सासूबाईंना पलीकडे वन्संकडे पोचवलं. वन्संची खोली एक, माणसं पाच, आता सहा. त्यांनी दारातच तोंड वाकडं केलं — "करायची वेळ आली की आईला माझ्याकडे ढकला!" सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुटलीस गं बाई एकदाची."

हो, सुटले! इतकी वर्षं माझ्या चहाला नावं ठेवली. आज कोणाची कुरकुर न ऐकता कपभर चहा प्यायले. बरं वाटलं. लाजायचं कशाला, इथे कोण वाचतंय?

शुक्रवार, २८ मार्च

गल्ली रिकामी होतेय. शिंपीकाका दम्याच्या पंपासाठी मेहुण्याकडे गेले. भाजीवाली फिटच्या गोळ्यांसाठी मावशीकडे. ज्याला दुखणं, तो पलीकडे. तिकडच्या रांगेपायी नर्सबाई रडकुंडीला आल्यात म्हणे. इकडे आम्ही धडधाकट तेवढे उरलो.

बुधवार, १६ एप्रिल

सासूबाईंना बघून आले. जमिनीवर झोपतात. वन्संची पोरं खोकतात, आता त्याही खोकतात. इन्सुलिन मिळतं, झोप मिळत नाही. मी डबा नेला होता. "मीठ कमी आहे," म्हणाल्या, आणि सगळा संपवला. परतताना इतका संताप आला! त्यांचा नव्हे. कोणाचा ते नीट सांगताही येईना, समोर कोणी असतं तर चपलेने हाणलं असतं.

मंगळवार, १७ जून

कळस झाला! सरकारी पाहणीत आमची बाजू शहरात सगळ्यांत निरोगी निघाली. एकही आजारी नाही! असतील कसे? हाकलून दिलेत तुम्ही! बंद दवाखान्यासमोर मांडव घातला, भाषणं झाली. "विषमता कमी केली की आरोग्य आपोआप सुधारतं." कमी कुठे केलीत रे? उचलून पलीकडे नेऊन ठेवलीत!

फोटोसाठी एक 'निरोगी गृहिणी' हवी होती. चष्मेवाल्याने नेमकं मलाच पुढे ओढलं. तपासणीवाल्या पोरीने माझं बोट टोचलं. कॅमेरे सरसावले. यंत्रावरचा आकडा बघून तिचा चेहरा उतरला. साहेबाने वाकून बघितलं आणि यंत्र सरळ खिशात घातलं.

"मशीन बिघडलंय. दुसरी बाई बोलवा."

गुरुवार, १९ जून

मशीन बिघडलेलं नव्हतं. नर्सबाईंनी पुन्हा तपासलं. मलाही साखर, गोळ्या आयुष्यभर. उद्या बोचकं घेऊन मीही पलीकडे. आमची लेक आणि हा धडधाकट, ते इकडेच राहणार. भीती वाटते.

सासूबाईंचा निरोप आलाय — "ये. पण खिडकीकडची बाजू माझी."